रंगमंचावरील झाडासाठी खऱ्या फांद्या तोडू नयेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हौशी नाट्यसंस्था, शाळा आणि महाविद्यालये यांच्या नाट्यप्रयोगांसाठी मी गेली अनेक वर्षे नेपथ्य उभे करीत आले आहे. या काळात एक प्रकार वारंवार पाहण्यात आला आणि दर वेळी मन विषण्ण झाले. नाटकात झाड हवे असले की प्रयोगाच्या दिवशी सकाळी दोघे-तिघे कोयता घेऊन निघतात, कुठल्यातरी उभ्या झाडाच्या हिरव्यागार फांद्या तोडून आणतात आणि वाळू भरलेल्या बादल्यांत खोचून ठेवतात. ‘असे का करता’ म्हणून विचारले तर दोन उत्तरे ठरलेली असतात. एक म्हणजे संस्थेकडे पैसे नाहीत आणि दुसरे म्हणजे खोटे झाड कितीही केले तरी खोटेच दिसते. ही दोन्ही उत्तरे बरोबर नाहीत. टाकाऊ वस्तूंतून आणि थोड्या वेळेत, प्रेक्षकाला खरे वाटेल असे झाड उभे करता येते. ते कसे, हे सविस्तर सांगावे यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रथम तोडलेल्या फांदीचे काय होते ते पाहू. फांदी तोडली की तिचा पाण्याचा पुरवठा थांबतो, मात्र पानांतून बाष्प बाहेर पडणे चालूच राहते. त्यात रंगमंचावरील दिव्यांची धग थेट तिच्यावर येते. पहिल्या अंकात ताठ असलेली पाने शेवटच्या अंकात माना टाकतात, आणि कथेत काही तासच गेलेले असतील तर ते फार विचित्र दिसते. दुसरा प्रयोग त्याच फांद्यांवर करायचा म्हटले तर वाळलेल्या पानांचा ढीग दिव्यांच्या शेजारी ठेवल्यासारखे होते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की फांदी म्हणजे लहान झाड नव्हे. तिला बुंधा नसतो, मुळांचा पसारा नसतो, वजन पेलण्याचा आविर्भाव नसतो. ती पूर्णपणे खरी असूनही दहाव्या रांगेतून झुडपासारखी दिसते. खरी वस्तू आणि खरी वाटणारी वस्तू यांतला हा फरक नेपथ्यात पदोपदी जाणवतो.

म्हणून झाड करायला घेण्यापूर्वी मी मदतीला आलेल्या मुलांना एखाद्या मोठ्या झाडापुढे उभे करते आणि त्याचे फक्त रेखाचित्र काढायला सांगते. पहिले चित्र बहुधा सगळ्यांचे सारखेच येते. खाली सरळ खांब, वर ढगासारखा हिरवा गोळा. मग आम्ही पुन्हा पाहतो. खोड जमिनीतून खांबासारखे वर येत नाही, ते जमिनीपाशी पसरते आणि त्याचे पाय वेगवेगळ्या दिशांना जमिनीत शिरतात. खोड क्वचितच पूर्ण गोल असते. ते कुठेतरी किंचित कललेले असते आणि पुढे तोल सावरण्यासाठी उलट बाजूला वळलेले असते. फांदी जिथे फुटते तिथे एक जाड घडी असते. जिथे जुनी फांदी गळून पडली आहे तिथे साल आत वळून ओठासारखी मिटलेली असते. हे चार-पाच तपशील साधले की झाड जवळजवळ झालेच, कारण माणसाचा डोळा झाड ओळखतो तो पानांवरून कमी आणि त्याच्या उभे राहण्यावरून अधिक.

फांद्यांच्या जाडीबाबत सर्वाधिक चूक होते. लिओनार्दो दा विंची यांनी पाचशे वर्षांपूर्वी आपल्या टिपणांत नोंदवून ठेवले आहे की कोणत्याही उंचीवरच्या सर्व फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खोडाइतकी भरते. याचा अर्थ छेदाचे क्षेत्रफळ साधारण तेवढेच राहते. हा काही काटेकोर नियम नव्हे, परंतु बऱ्याच झाडांना तो जवळपास लागू पडतो आणि नेपथ्याला तेवढे पुरेसे आहे. खोड ३० सेंटिमीटर व्यासाचे असेल आणि त्याला दोन सारख्या फांद्या फुटत असतील, तर प्रत्येक फांदी १५ नव्हे, सुमारे २१ सेंटिमीटर व्यासाची हवी. तीन फांद्या असतील तर प्रत्येकी सुमारे १७. आपण सवयीने खोडाला काठ्या जोडतो आणि मग ते झाड झाडूसारखे का दिसते हे आपल्याला कळत नाही.

आता खर्चाविषयी. सर्वात स्वस्त झाड म्हणजे ज्याला एकही पान लागत नाही ते. रंगमंचाच्या वरच्या झालरीपलीकडे शिरणारे एकच भक्कम खोड उभे केले, त्याची एखादी जाड फांदी झालरीच्या खालून प्रेक्षकांच्या बाजूला थोडी दिसू दिली आणि जमिनीवर पानांच्या सावल्या पाडल्या, की उरलेले झाड प्रेक्षक स्वतः पाहून घेतो. पर्णसंभार करण्यात जो वेळ, जे कापड आणि जो पैसा जातो तो सगळा वाचतो. जपानच्या ‘नो’ या पारंपरिक रंगभूमीने तर कित्येक शतके मागच्या लाकडी भिंतीवर रंगवलेल्या एका पाइन वृक्षावर भागवले आहे. पात्रे ज्या पुलासारख्या वाटेने रंगमंचाकडे येतात तिच्याशेजारी तीन लहान पाइन ठेवतात, तेही रंगमंचापासून दूर जाताना उंचीने कमी कमी होत जाणारे, म्हणजे तेवढ्यावरून पुलाची लांबी अधिक भासते. मागची झाडे पुढच्यांपेक्षा लहान, फिकी आणि कमी तपशिलाची करणे ही युक्ती कोणत्याही मंचावर उपयोगी पडते.

खोडाच्या सांगाड्यासाठी कापडाचे तागे किंवा गालिचे ज्यावर गुंडाळलेले असतात त्या जाड पुठ्ठ्याच्या नळ्या उत्तम. दुकानदार त्या बहुधा टाकूनच देतात. दोन-तीन नळ्या थोड्या कलत्या बांधायच्या. त्यांच्याभोवती ठिकठिकाणी प्लायवूडच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या वेड्यावाकड्या चकत्या बसवायच्या, खाली मोठ्या आणि वर लहान. चकत्या गोल कापल्या तर खोडाचा डबा होतो. त्यांवरून कोंबडी जाळी, म्हणजे खुराड्याला लावतात ती पातळ तारेची जाळी, ताणायची. हे काम जाड हातमोजे घातल्याशिवाय कुणालाही करू देऊ नये, जाळीची कापलेली टोके तळव्यात खोलवर घुसतात. जाळी हाताने दाबली की खोबण पडते, आतून ढकलली की गाठ उठते, म्हणजे झाडाचा स्वभाव याच टप्प्यावर ठरतो. घाई करायची असेल तर ती पुढे करावी, येथे करू नये. शिवाय खोड पूर्ण गोल करण्याची गरज नसते. प्रेक्षकांना दिसणारा तीन चतुर्थांश भाग केला आणि मागची बाजू उघडी ठेवली तर वजन कमी होते, आत वजनाच्या पिशव्या ठेवता येतात आणि अंधारात झाड हलवणाऱ्याला धरायला आतल्या पट्ट्या मिळतात.

जाळीवर जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या चिकटवाव्यात. पट्ट्या कात्रीने न कापता हाताने फाडाव्यात, कारण फाटलेली कड दुसऱ्या कागदात मिसळून जाते आणि कापलेली कड रंगाखालूनही रेघ दाखवते. सुतारकामाचा पांढरा गोंद निम्म्याने पाणी घालून पुरतो. खळ त्याहून स्वस्त पडते, पण ती लावलेले झाड साठवून ठेवले की उंदीर आणि बुरशी यांचा त्रास होतो. तीन थर पुरेत. प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा चढवू नये, आणि त्यासाठी प्रत्येकी एक दिवस हाती ठेवावा. आदल्या रात्री झाड करायला बसणाऱ्यांची झाडे आतून ओली राहतात, जड होतात आणि दिव्याखाली खचतात.

साल हा या कामातला माझा सर्वात आवडता भाग आहे, म्हणून त्याविषयी थोडे अधिक लिहिते. फाटकी चादर किंवा उसवलेले गोणपाट गोंदाच्या पाण्यात बुडवून, पिळून, खोडावर उभे पांघरायचे. कापड खोडाच्या घेरापेक्षा दीडपट रुंद हवे. मग दोन्ही हातांच्या बोटांनी ते खालून वर चिमटत जायचे. एक चुणी वर जाताना शेजारच्या चुणीला मिळते, पुन्हा वेगळी होते, गाठीपाशी आली की दोन्ही बाजूंनी तिला वळसा घालून पुढे जाते, जशी ओढ्याची धार दगडाला घालते. बोटे गोंदाने चिकट होतात, कापड निसटते, पुन्हा दाबावे लागते. फांदीच्या काखेत कापड आपोआप गोळा होते, ते ताणून सपाट करू नये, खऱ्या झाडातही तिथे साल गोळा झालेलीच असते. एखाद्या ठिकाणी कापड फाटले तर फाटू द्यावे आणि कड बाहेर वळवावी. खरखरीतपणा हवा असेल तिथे गोंदात लाकडाचा भुसा कालवून थापावा. सकाळी हे सारे वाळून कडक झालेले असते आणि टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो, एवढाच काय तो त्याच्या खोटेपणाचा पुरावा.

किती बारीक काम करायचे याला मर्यादा आहे आणि ती डोळ्यानेच घालून दिली आहे. निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखता येतो. दहा मीटर अंतरावर हा तपशील सुमारे ३ मिलिमीटरचा होतो आणि वीस मीटरवर सुमारे ६ मिलिमीटरचा. म्हणजे मधल्या रांगेतल्या प्रेक्षकाला तीन मिलिमीटरपेक्षा बारीक भेग दिसतच नाही. बारीक ब्रशने रात्रभर रेघा ओढणाऱ्या मुलांना मी हा हिशेब सांगते आणि हातात चार इंची ब्रश देते.

रंगाच्या बाबतीत एकच गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. झाडाचे खोड तपकिरी नसते. लहानपणी रंगपेटीने आपल्याला तसे शिकवले, परंतु बाहेर जाऊन पाहिले तर बहुतेक खोडे राखाडी असतात. त्यात कुठे हिरवट, कुठे जांभळट झाक असते, बुंध्यापाशी मातीचा रंग चढलेला असतो आणि ओलसर बाजूला शेवाळ असते. मी आधी मध्यम राखाडी रंग सगळीकडे देते, चुण्यांच्या आत पातळ गडद रंग ओघळू देते आणि तो वाळल्यावर जवळजवळ कोरडा ब्रश फिकट रंगात टेकवून वरच्या कडांवरून हलकेच फिरवते. या शेवटच्या हाताने सगळी साल उठून येते. रंगकाम कार्यशाळेतल्या पांढऱ्या उजेडात संपवू नये, नाटकात जे दिवे आहेत त्यांत एकदा झाड पाहावे. लाल प्रकाशात हिरवी पाने काळी पडतात आणि गडद निळ्या रात्रीत तांबूस खोड नाहीसे होते.

प्रकाशयोजनाकारांशी हे बोलणे रंग वाळण्याआधीच झालेले बरे. समोरून सपाट प्रकाश टाकला तर आपण मेहनतीने उठवलेली साल पुसली जाते. विंगेतून, बाजूने, खोडाला घासून जाणारा प्रकाश मिळाला तर प्रत्येक चुणीची सावली पडते आणि साध्या चादरीचे जुनाट झाड होते. दिव्याच्या आत बसवायच्या पत्र्याच्या जाळीतून पानांची सावली जमिनीवर आणि पात्रांच्या खांद्यांवर पडली, की वर पाने आहेत की नाहीत याची चौकशी कुणी करीत नाही.

तरीही पाने हवीच असतील तर एकेक पान करीत बसू नये. दुरून आपल्याला पान दिसत नाही, पानांचे पुंजके आणि त्यांमधले आकाश दिसते. जुन्या सुती कपड्यांचे तुकडे तीन-चार वेगळ्या हिरव्या छटांत रंगवावेत, काही पिवळट, काही जवळजवळ काळे. त्यांचे पुंजके तारेवर बांधावेत आणि ते मासेमारीच्या जुन्या जाळ्यावर विरळ-दाट असे टाचावेत. जाळे वरून लोंबते सोडले की ते रंगमंचाच्या हवेने किंचित हलते, आणि त्या हलण्याने जेवढे खरेपण येते तेवढे शंभर पाने अधिक लावूनही येत नाही. पुढच्या बाजूचे मोजकेच पुंजके नीट पानांच्या आकारात कापावेत.

आता सुरक्षिततेविषयी, कारण या बाबतीत माझ्याकडूनच एकदा चूक झाली होती. एका प्रयोगात आजोबांची भूमिका करणारे गृहस्थ संवाद बोलता बोलता सहज झाडाला टेकले. तालमीत तिथे झाड नव्हते, त्यामुळे ते टेकतील हे मला ठाऊक नव्हते. झाड चार बोटे मागे कलले. मागे अंधारात उभ्या असलेल्या एका मुलीने आतली पट्टी दोन्ही हातांनी धरली आणि प्रवेश संपेपर्यंत, जवळजवळ सात मिनिटे, ती तशीच उभी राहिली. त्या रात्री घरी येऊन मी हिशेब केला. झाडाचे वजन पंधरा किलो, तळ चार फूट रुंद आणि माणूस टेकला तो चार फूट उंचीवर. वजन तळाच्या मध्यावर आहे असे धरले, तर ते झाड उलटायला अवघा साडेसात किलोंचा जोर पुरेसा होता. आत वाळूच्या पिशव्या ठेवून एकूण वजन साठ किलो केले असते तर तोच जोर तीस किलोंवर गेला असता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक झाडाच्या मुळांच्या आत वाळूच्या पिशव्या असतात आणि माथ्यापासून मागच्या भक्कम आधाराला एक काळी दोरी बांधलेली असते. पसरलेली मुळे दिसायलाही बरी आणि तळाची फळी झाकायलाही सोयीची. झाडावर चढण्याचा प्रवेश असेल तर मात्र पुठ्ठा आणि जाळी यांचा विचारही करू नये, तिथे जाणकाराने केलेला लोखंडी किंवा सागवानी सांगाडाच हवा.

आगीची गोष्ट याहून गंभीर आहे. शिकागो येथील इरोक्वॉय नाट्यगृहात ३० डिसेंबर १९०३ रोजी दुपारच्या खेळाच्या वेळी एका आर्क दिव्याची ठिणगी कापडी पडद्याला लागली आणि तिथून आग वर टांगलेल्या रंगीत कापडी देखाव्यांत गेली. सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत स्त्रिया आणि मुले फार मोठ्या संख्येने होती. कागद, गोणपाट आणि सुती चिंध्या यांचे झाड म्हणजे अखेर सरपणच आहे, हे करणाऱ्याने एक क्षणही विसरता कामा नये. पानांसाठीच्या सुती कापडाला रंगवण्यापूर्वी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड यांच्या द्रावणात भिजवून वाळवता येते. प्रमाण ७० ग्रॅम बोरॅक्स, ३० ग्रॅम बोरिक ॲसिड आणि सुमारे ६५० मिलिलिटर गरम पाणी असे आहे. हातमोजे घालावेत आणि लहान मुलांना यापासून दूर ठेवावे, हे पदार्थ पोटात जाणे घातक असते. हे द्रावण ओल्या पांढऱ्या गोंदात मिसळले तर गोंदाच्या रबरासारख्या गुठळ्या होतात, म्हणून खोडासाठी ते वापरू नये, तिथे आगरोधक रंगाचा हात द्यावा. द्रावण पाण्याने धुऊन जाते आणि कृत्रिम धाग्यांच्या कापडावर त्याचा भरवसा धरता येत नाही. तयार पानाचा एक तुकडा उघड्यावर चिमट्यात धरून दहा-बारा सेकंद ज्योतीवर ठेवावा. ज्योत काढताच तो विझला नाही, किंवा त्यातून जळते थेंब गळले, तर ते पान रंगमंचावर जाऊ देऊ नये. नाट्यगृहाच्या आणि अग्निशमन दलाच्या अटी अर्थातच वेगळ्या पाळाव्यात.

याच कारणाने मी थर्माकोल वापरणे सोडले. ते हलके असते आणि झटपट कोरता येते हे खरे, परंतु ते पेटले की काळा दाट धूर सोडत वितळते आणि प्रयोगानंतर त्याचे काय करायचे हा प्रश्न उरतोच. कागदाचे खोड मात्र वर्षानुवर्षे टिकते. मी केलेले एक खोड आजवर तीन नाटकांत उभे राहिले आहे. एकात ते अंगणातले जुने झाड होते, दुसऱ्यात काळा रंग देऊन वीज पडून जळालेले केले, तिसऱ्यात पुन्हा राखाडी करून त्याला नवी फांदी जोडली. मागच्या उघड्या बाजूने पाहिले तर जाळीच्या छिद्रांतून जुन्या वर्तमानपत्राचे मथळे अजून वाचता येतात.

स्पर्धा आणि महोत्सव भरवणाऱ्या संस्थांना माझी दोन बाबतींत विनंती आहे. प्रवेशअर्जावरील नेपथ्याच्या अटींमध्ये तोडलेल्या हिरव्या फांद्या रंगमंचावर आणू नयेत अशी एक ओळ त्यांनी घालावी. तसेच ज्यांना जागेअभावी आपली झाडे प्रयोगानंतर मोडून टाकावी लागतात, त्यांच्यासाठी एखादी कोरडी खोली राखून ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी येणाऱ्या संघाला तिथले खोड नेऊन त्यावर आपल्या नाटकाची साल चढवता येईल.

आपली नम्र,
एक नेपथ्यकार